बेरितच्या पायाची रेघ

उत्तर स्वीडनमधल्या आर्येप्लूगमध्ये गाडी हाकणारी माणसं पैशाला पासरी, पण पाय म्हटला की तो बेरितचाच. गाड्यांच्या चाचणीच्या तळावरचा मुकादम लेनार्त नव्या ड्रायव्हरांना पहिल्याच सकाळी सांगायचा, "हातांचं तुमचं तुम्ही बघा. पाय मात्र बेरितसारखा पाहिजे." मग नवी मंडळी तिच्या पायाकडे बघायची. बघण्यासारखं तिथं काही नसायचं. लोकरीचा मोजा, पातळ तळव्याचा जुना बूट, जरा जाडसर घोटा. साठीला टेकलेल्या बाईचा असतो तसा पाय.

हा पाय घडला शाळेच्या बसमध्ये. कंपनीच्या गाड्या हाती यायच्या आधी बेरित कितीतरी वर्षं शाळेची बस चालवत होती. जंगलात लांबलांब विखुरलेली घरं, तिथली पोरं अंधारातच पोटभर लापशी खाऊन बसमध्ये चढायची, आणि पुढं तळ्याकाठचा रस्ता असा की एक वळण संपेपर्यंत दुसरं हजर. पहिल्या हिवाळ्यात रोज कुणी ना कुणी ओकायचं. मग पोछा कोण मारणार? बेरितच. तेव्हा तिनं पायाला शिकवलं. दाब वाढवायचा तो पोरांच्या पोटाला कळता कामा नये, आणि काढायचा तोही कळता कामा नये. दुसऱ्या हिवाळ्यात पोछा कोरडा राहायला लागला.

पुढं जंगलातल्या घरांत पोरंच उरली नाहीत, बस बंद झाली. तोवर विजेच्या गाड्या आल्या होत्या, आणि त्या थंडीत किती वीज खातात हे मोजायला जगभरच्या कंपन्या हिवाळाभर याच गावात येऊन राहत होत्या. बेरितला काम शोधावं लागलं नाही. काम तिच्या दारात आलं.

काम सांगायला सोपं. गाडी रात्रभर उघड्यावर गारठवायची. सकाळी, उणे तीसच्या आसपास पारा असताना, ती बाहेर काढायची आणि तळ्याला वळसा घालून ठरलेल्या रस्त्यानं परत आणायची. वेग ठरलेला, आतली ऊब ठरलेली, टायरमधली हवा ठरलेली. ड्रायव्हर हडकुळा असेल तर मागच्या सीटवर वाळूची पिशवी ठेवून वजनाची भरपाई करायची. परत आल्यावर गाडीला वीज जोडायची, आणि बॅटरी पहिल्याइतकी भरेपर्यंत तिनं भिंतीतून किती वीज ओढली ते मीटरवर बघायचं. जेवढी ओढली तेवढी तिनं रस्त्यावर खाल्ली. वारा किती होता, बर्फ किती होता, हे हिशेबातून वजा करता येतं. ड्रायव्हरचा पाय वजा करता येत नाही. एकच गाडी दोघांनी चालवली की दोन आकडे येतात. म्हणून ज्या आकड्यावर पुढचं सगळं ठरायचं, तो आकडा काढायला बेरितला बसवायचे. बाकीच्यांच्या फेऱ्या तिच्या फेरीशी ताडून बघायचे. गावातल्या दुकानात वजनं असतात ना, तशी बेरित म्हणजे तळावरचं वजन होती. तिला त्याचा तोराही होता. का नसावा?

हिवाळा लागला की गावातल्या निम्म्या घरांसारखं बेरितचं घरही खाली सरकायचं. ती आणि तिचा नवरा होल्गर तळघरात, वरचं घर भाड्यानं कंपनीच्या माणसांना. होल्गर शिशाच्या खाणीतला. खाण बंद पडली तरी जमिनीखाली राहायची सवय कामी आली, असं तो म्हणायचा. वरच्या मजल्यावर लागोपाठ तिसऱ्या हिवाळ्यात वीबके नावाची जर्मन इंजिनिअर राहत होती. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच, तिशीची, आणि लाजाळू. गाड्यांच्या फेऱ्यांमधून जे आकडे यायचे ते तिच्या हाताखालून जायचे. ती स्वीडिश शिकली होती, पण वाक्य इतकं जपून जुळवायची की बेरित म्हणायची, "बाई गं, तुझं क्रियापद येईपर्यंत माझी कॉफी निवते." वीबके लाल व्हायची आणि हसायची. रविवारी ती खाली जेवायला असायची. बेरितच्या हातचे पाल्ट, म्हणजे डुकराचं मांस भरून उकडलेले बटाट्याचे गोळे, ती तिघांच्या वाटचे खायची.

त्या जानेवारीत नवी गाडी आली. तिचा आकार कुणाला कळू नये म्हणून अंगभर काळ्यापांढऱ्या वेटोळ्यांचा कागद चिकटवलेली. पहिल्या आठवड्यापासूनच गाडी हिशेबापेक्षा जास्त वीज खायला लागली. फार नाही, शंभरात तीन-चार. पण या धंद्यात शंभरात तीन-चार म्हणजे घरात हत्ती.

टायर बदलले. तरी तेच. बॅटरीची ऊब तपासली. ती बरोबर होती. मग वीबकेनं पायाची रेघ काढली. गाडीचा ॲक्सिलरेटर प्रत्येक क्षणी किती दाबला गेला आहे, हे गाडी लिहून ठेवते, आणि संगणकावर त्याची रेघ उमटते. सरळ रस्त्यावर, एकाच वेगात, ही रेघ तळ्याच्या बर्फासारखी सपाट हवी. ती सपाट नव्हती. तिला बारीक दात आले होते, एकसारखे, करवतीला असतात तसे.

"पेडलखालचा भाग सैल आहे," वीबके म्हणाली. तो बदलला. दात राहिले. तारा बदलल्या. दात राहिले.

जेवणाच्या खोलीत याची थट्टा सुरू झाली. यॉरान हा दुसरा ड्रायव्हर, बेरितहून वयानं लहान आणि तोंडानं मोठा. तो म्हणाला, "बेरित, नवऱ्याशी भांडून येतेस काय सकाळी? पायात राग उतरतोय."

"राग उतरला असता तर तुझ्या ढुंगणावर उतरला असता," बेरित म्हणाली. "गाडीला थंडी वाजतेय, दुसरं काही नाही. जर्मनीत बनवलेली. पोर आहे ती. शिकेल."

सगळे हसले. वीबके हसली नाही. बेरितच्या ते ध्यानात आलं, पण तिला वाटलं, हिला विनोद कळायला वेळ लागतो.

त्यानंतरच्या सोमवारी बेरित तळावर आली तेव्हा लेनार्त फाटकाशी उभा होता. एरवी तो ऑफिसातल्या शेगडीपासून हलत नसे.

"जरा आत ये," तो म्हणाला.

आत टेबलावर एक छोटं यंत्र होतं, त्याला प्लॅस्टिकची नळी. बेरितनं ते ओळखलं. अशी यंत्रं लाकडाच्या ट्रकवाल्यांना पोलीस रस्त्यात लावतात.

"हे कशाला?"

"फुंक जरा. सगळ्यांचंच करतोय आम्ही."

"सगळ्यांचं? यॉरान आत्ताच गाडी घेऊन गेला. त्यानं फुंकलं?"

लेनार्त खिडकीतून बाहेर बघायला लागला. दोघं एका वर्गात होती. शाळेत तो तिची उत्तरं बघून लिहायचा.

बेरितला आधी हसू आलं, मग ते अर्ध्यातच विरलं. तिचं माहेर कर्मठ पंथातलं. त्या घराच्या उंबऱ्याआत कधी दारूचा थेंब आला नव्हता. लग्नानंतरही तिनं बाटली ओठांना लावली नव्हती. होल्गर प्यायचा तेव्हा ती खिडकी उघडून बसायची. आणि हा लेनार्त, ज्याच्या लग्नात तिनं केक केला होता, तिला नळीत फुंकायला सांगत होता. तरी तिनं फुंकलं. यंत्रावर शून्य आलं.

"झालं समाधान?"

"बेरित, मला वरून..."

"वर आभाळ आहे, लेनार्त. आणि आभाळानं माझ्यावर कधी संशय घेतला नाही."

ती बाहेर पडली. गाड्यांना वीज जोडतात त्या शेडमध्ये ती गेली, कारण तिथं या वेळी कुणी नसतं. तिथं वीबके होती. तिच्या मांडीवर संगणक होता आणि तोंड असं झालं होतं, जणू तिनंच काही चोरलंय.

"मला फुंकायला लावलं," बेरित म्हणाली. अजून तिला राग वाटून घ्यायला माणूस हवं होतं. "मला! मी काल प्यायले असं वाटलं यांना. कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

वीबकेनं संगणक फिरवला. "बेरित, हे बघ. बस आधी."

"मी उभीच बरी."

"ही नवी गाडी. तू चालवलेली." पडद्यावर दातांची रेघ. "ही तिची जोडीदार. तू चालवलेली." पुन्हा दात. "ही आपली जुनी पांढरी गाडी, तीन हिवाळे बिनतक्रार चालली. गुरुवारी तू चालवलीस." दात, तसेच, तितकेच दाट. "आणि ही पुन्हा नवी गाडी. यॉराननं चालवलेली."

ती रेघ सुतासारखी सरळ होती.

शेडमध्ये एक चार्जर गुणगुणत होता.

"म्हणजे काय?"

वीबकेच्या ओठांवर वाक्य जुळत होतं. या वेळी क्रियापद लवकर आलं. "गाडी ठीक आहे, बेरित."

एखाद्या घरात शिरावं आणि पायाखाली जमीनच नसावी, तसं बेरितला झालं. गाडी ठीक आहे. वर्षानुवर्षं तिनं दुसऱ्यांच्या गाड्यांमधली खोट काढली होती. एकदा तर पायाला काहीतरी जाणवलं म्हणून तिनं एका गाडीचं चाक तपासायला लावलं होतं, आणि खरंच आतलं बेअरिंग घासलेलं निघालं होतं. गाडीत खोट असते, माणसात नसते, यावर तिचं जग उभं होतं.

"एका सेकंदात पाच वेळा," वीबके हळू आवाजात सांगत होती. "इतकं बारीक की डोळ्याला दिसणार नाही. आणि वळणाआधी तू पाय उशिरा काढतेस. अगदी थोडा उशीर. पाय वेळेवर काढला की गाडी स्वतः मंदावते आणि थोडी वीज परत भरते. उशीर झाला की ब्रेक दाबावा लागतो आणि ती वीज जाते. म्हणून आकडा..."

"माझ्या डोक्यावर राहतेस," बेरित म्हणाली. "माझ्या हातचे पाल्ट गिळतेस. आणि माझ्याच पायाची चहाडी करतेस?"

"बेरित..."

"मी थकलेय. बूट बदलला की जाईल."

पण ती गाडीत बसली नाही. घरी चालत गेली.

तळघरात होल्गर मासे साफ करत होता. बेरितनं कोट न काढताच त्याला नळीची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की हातातला मासा निसटला. "तुला? दारू? अगं, लेनार्तला सांग, माझ्या बायकोनं चाळीस वर्षांत माझी जेवढी दारू ओतून टाकलीय तेवढ्यात त्याचं लग्न साजरं झालं असतं."

"हसू नकोस. पुढचं ऐक." आणि तिनं रेघेचं सांगितलं. दातांचं सांगितलं. हे सगळं किती खुळ्यासारखं आहे तेही सांगितलं.

होल्गर हसायचा थांबला होता. तो सुरीचं पातं फडक्यानं पुसत राहिला. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

बेरित त्याच्याकडे बघत होती. "होल्गर. तुला माहीत होतं?"

त्या भागातली जुनी माणसं हो म्हणत नाहीत. ओठ जरासे चंबू करून श्वास झटकन आत ओढतात, तोच त्यांचा हो. होल्गरनं श्वास आत ओढला.

बेरितनं खुर्ची ओढून घेतली.

"कधीपासून?"

"गेल्या शरदात, शिकारीच्या आधीपासून. जास्तही असेल. अंथरुणावर पडलीस की तुझा पाय पलंगाच्या कडेला लागतो. टक टक टक टक. मग डोळा लागला की थांबतो. मला वाटायचं, झोपेत शिरता शिरताही तू गाडी चालवतेस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

होल्गरनं सुरी खाली ठेवली. "त्या आवाजाची सवय झाली होती मला. तो आला की झोप लागायची."

जो नवरा शेजाऱ्याच्या कुत्र्याचं लंगडणं लांबून ओळखायचा, त्यानं रोज रात्री हे ऐकलं होतं आणि त्यावर गाढ झोपला होता. तिनं उजवा पाय जमिनीवर ठेवला. मग डाव्या पायानं तो दाबून धरला. वरच्या पायाला खालच्याचा ठोका लागत होता. बारीक, एकसारखा. आत कुणीतरी दार वाजवत असावं तसा.

ती मुसमुसली नाही. ती नुसती बघत राहिली, दुसऱ्याचा पाय बघावा तसं.

गावातल्या दवाखान्यात त्या आठवड्यात दक्षिणेकडून बदलीवर आलेली डॉक्टरीण होती. तिनं बेरितला दवाखान्याच्या बोळकांडीतून चालवलं. "उजवा हात हलत नाहीये चालताना," ती म्हणाली.

"थंडीत हात हलवून काय करायचंय?"

मग चिमटीसारखी बोटं भराभर उघडझाप करायला सांगितली. डाव्या हाताला जमलं. उजव्यालाही आधी जमलं, मग उघडझाप लहान लहान होत अडखळली. बेरित स्वतःच्या बोटांकडे अशी बघत होती, जणू ती बोटं कधी तिची नव्हतीच.

"वास येतो का सगळे?"

"येतो की. का नाही येणार?"

डॉक्टरणीनं एक बाटली नाकाखाली धरली. "कशाचा?"

"पाण्याचा."

"कॉफी आहे ही, ताजी दळलेली."

"मग बिघडलेली आहे. हल्ली सगळीकडेच कॉफी बिघडलीय. मी तीन कंपन्या बदलल्या. होल्गरला विचार."

डॉक्टरणीनं बाटली स्वतः हुंगली आणि बूच लावलं. "कॉफी ठीक आहे, बेरित."

दुसऱ्यांदा कुणीतरी तिला ते सांगत होतं. गाडी ठीक आहे, कॉफी ठीक आहे. जगातलं सगळंच ठीक होतं म्हणायचं, तिच्याखेरीज.

पुढं किनाऱ्यावरच्या मोठ्या इस्पितळात मेंदूचा फोटो काढायला लांबचा प्रवास झाला. तिथला मोठा डॉक्टर तिच्याशी आदबीनं बोलला आणि रोगाचं नाव घेतलं. कंपवात. बेरितनं ते नाव आधी ऐकलं होतं, गावातल्या एका म्हाताऱ्याला होता तो. त्याच्या कपातली कॉफी नेहमी बशीत असायची. ते चित्र तिच्या डोळ्यापुढं आलं.

"पण तुझ्या हातात तर अजून काहीच दिसत नाही," डॉक्टर कागद चाळत म्हणाला. "बहुतेक लोक कंप उघड दिसायला लागल्यावरच येतात. तुझ्या बाबतीत ते कुणाच्या लक्षात आलं?"

"गाडीच्या."

डॉक्टरनं मान वर केली. त्याला वाटलं, ही बाई गांगरलीय. बेरितनं त्याला सगळं समजावून सांगितलं, ॲक्सिलरेटर, रेघ, दात, जास्तीची वीज. तो ऐकत गेला तसं त्याचं पेन टेबलावर आडवं झालं. मग तो उठला आणि शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरला बोलावून आणलं, आणि बेरितला तेच पुन्हा सांगायला लागलं. दोघं तोंड उघडं टाकून ऐकत होते. बेरितला वाटलं, यांना एवढा धक्का बसायचं काय कारण? पाय माझा आहे.

घरी आल्यावर तिनं वीबकेशी बोलणं टाकलं. रविवार आला, गेला. वरून पावलं ऐकू यायची, खिडकीपाशी, बेडपाशी, पुन्हा खिडकीपाशी. होल्गर म्हणाला, "पोरगी जेवत नाहीये बहुतेक. भांड्यांचा आवाज नाही."

"तू आवाजावरून काय काय ओळखतोस, ते मला माहीत आहे," बेरित म्हणाली.

शेवटी वीबके स्वतःच खाली आली. दारात उभी राहिली, डोकं चौकटीला टेकून. "मला एक सांगायचंय. तू मला घराबाहेर काढलंस तरी चालेल."

"बोल."

"दात तुझे आहेत, हे मला आठवडाभर आधी कळलं होतं. तुला कसं सांगायचं ते कळेना. जर्मनमध्येही कळेना. म्हणून मी लेनार्तला सांगितलं. त्याला वाटलं दारू. मी म्हटलं, नसेल. पण मी जोरात म्हटलं नाही."

"म्हणजे मला नळीत फुंकावं लागलं ते तुझ्यामुळे?"

"हो."

बेरितला इतके दिवस लेनार्तचा राग होता. आता राग वळवायचा तर एवढ्या उंच पोरीकडे, जी समोर उभी राहून रडत होती आणि नाक पुसायला तिच्याकडे रुमालही नव्हता. रागाला कुठं जावं ते कळेना.

"आठवडाभर," ती म्हणाली. "एक आठवडा मी त्या पायानं गाडी चालवली. रस्त्यावर पोरं होती, रेनडिअर होते. तुला माहीत होतं आणि तू मला जाऊ दिलंस."

हे वीबकेच्या मनात आलंच नव्हतं. तिला वाटलं होतं, आपण एका बाईचं मन जपतोय.

होल्गरनं टेबलावर तिसरी बशी ठेवली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

जेवण झाल्यावर बेरित म्हणाली, "मला जुन्या रेघा बघायच्यात. कधी सुरू झालं ते."

त्या दाखवायला मनाई होती, आकडे कंपनीचे होते. वीबकेनं एकदा छताकडे बघितलं आणि संगणक आणायला वर गेली.

तिघं त्या छोट्या टेबलाशी बसली. वीबके मागं मागं जात होती. गेला हिवाळा, दात आहेत, पण विरळ. त्याच्या आधीचा हिवाळा. रेघ सरळ. सरळ. सरळ. बेरितला बरं वाटायला लागलं, त्या सपाट रेघांकडे बघून, जुना फोटो बघितल्यासारखं. मग एका फेरीच्या शेवटी, तळ्यानंतरच्या सरळ पट्ट्यात, पाचसहा बारीक दात दिसले आणि पुन्हा रेघ सरळ झाली.

"कुठला दिवस हा?" बेरितनं विचारलं.

वीबकेनं सांगितलं. तो दिवस दोघींनाही पाठ होता. त्या दिवशी बेरितनं लागोपाठ दोन फेऱ्या मारल्या होत्या आणि दोन्हींचा आकडा असा तंतोतंत जुळला होता की ऑफिसानं बदामाच्या हिरव्या मुलाम्याचा केक मागवला होता. लेनार्तनं भाषण केलं होतं. भिंतीवर अजून फोटो होता: बेरित, हातात सुरी, तोंडभर हसू.

"मी केक कापत होते," बेरित म्हणाली. "तेव्हा ते सुरू झालं होतं, आणि मी केक कापत होते."

होल्गरनं तिचा हात धरला. तो हात तिनं काढून घेतला नाही, पण तिला तो जाणवलाही नाही.

बातमी तळावर पोचायला दोन दिवस लागले, आणि पोचली तेव्हा हाहाकार उडाला. आजवर सगळ्यांना वाटत होतं की आपण गाडी मोजतो. गाडी आपल्याला मोजते हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जेवणाच्या खोलीत यॉरान ओरडला, "म्हणजे मी पेडलवर पाय ठेवला की माझ्या म्हातारपणाची चिठ्ठी जर्मनीला जाणार? उद्या माझं हृदयही वाचतील! परवा बायकोला कळवतील!" एक ड्रायव्हर त्याच दिवशी काम सोडून गेला. दुसऱ्यानं जाड तळव्याचे बूट घालून यायला सुरुवात केली, म्हणजे पायाचं काही कळू नये. त्याच्या फेऱ्यांचे आकडे असे यायला लागले की त्या सगळ्या बाद कराव्या लागल्या.

लेनार्त एका संध्याकाळी तळघराच्या पायऱ्या उतरून आला, हातात तळ्यातला भला मोठा गुलाबी मासा. तो त्यानं न बोलता होल्गरकडे दिला. मग टोपी काढली.

"बेरित, मी ते यंत्र टेबलावर ठेवायला नको होतं."

"नको होतं."

"आता कुणी गाडी चालवायला तयार नाही. तू येऊन बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतील."

"काय बोलू? मलाच अजून खरं वाटत नाही."

"तेच बोल."

ती गेली. जेवणाच्या खोलीत केकचा फोटो भिंतीवर होता, ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. भाषणाची तिला सवय नव्हती. "मला अजून धक्का बसलेलाच आहे," ती म्हणाली. "सकाळी उठते तेव्हा एक क्षण आठवत नाही, मग आठवतं, मग तो पुन्हा बसतो. पण मला कुणी विचारलं, न कळलेलं बरं झालं असतं का, तर नाही. मी वळणावर पाय उशिरा काढत होते आणि मला माहीत नव्हतं. तुमच्यातल्या कुणाचं पोर त्या वळणावर असतं तर? कळायलाच हवं. फक्त ते माणसानं तोंडानं सांगावं, आणि आधी मला सांगावं. मुकादमाला नंतर."

लेनार्तची मान खाली होती.

त्यावरून ठरलं ते असं: रेघांवर कुणाचं नाव राहणार नाही, फक्त ज्याची त्याला ठाऊक असलेली खूण राहील, आणि ज्याला स्वतःच्या पायाचं ऐकायचं असेल त्यानं वीबकेला तसं सांगायचं, ती एकट्यात त्यालाच सांगेल. पहिला कोण गेला असेल? यॉरान. दार लावून घेतलं, आणि बाहेर आला तेव्हा शीळ घालत होता. लेनार्तही अधूनमधून गाडी काढायचा, तो मात्र कधीच गेला नाही.

बेरितनं तळावर पुन्हा गाडी चालवली नाही. गोळ्यांनी पाय बराच शांत झाला, आणि डॉक्टरनं घरची गाडी चालवायला हरकत घेतली नाही. तिनं लेनार्तला एकदाच विचारलं, "गोळी घेऊन एक फेरी?" तो म्हणाला, "आकडा तुझा येईल की गोळीचा, कसं सांगणार?" ती चिडली, पण उत्तर बरोबर होतं. मोजायचं काम तिनंच त्याला शिकवलं होतं.

एप्रिलमध्ये तळ्यावरचा बर्फ करडा पडला, कंपन्यांनी गाड्या ट्रकवर चढवल्या. वीबके निघताना बेरितनं तिला डब्यात गोठवलेले पाल्ट दिले. "पुढच्या वर्षी येशील तेव्हा क्रियापद आधी," ती म्हणाली. वीबके वाकली आणि तिला मिठी मारली, आणि एरवी कुणाला मिठी न मारणाऱ्या बेरितनं ती सोडवून घेतली नाही.

पुढच्या हिवाळ्यात लेनार्तनं बेरितला चार्जिंगच्या शेडमध्ये काम दिलं. गाडी आली की जाड वायर ओढायची, टोक गाडीत खुपसायचं, मीटर बघायचा. गाडीचा आकडा तिथं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांपुढं येतो. कधीकधी टोक बसवताना तिचा उजवा हात थरथरतो आणि ते चटकन जात नाही. पण उणे तीसमध्ये त्या शेडमध्ये सगळ्यांचेच हात थरथरतात. कुणी तिकडं बघत नाही.